छोटा हत्ती, टीआर आणि बॅज: कोणत्या गाडीला नेमके काय लागते

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २१, दोन वर्षांपासून एलएमव्हीचे (हलक्या मोटार वाहनाचे) पक्के लायसन्स, आणि ओळखीच्या मालकाचा छोटा हत्ती (टाटा एस हा छोटा टेम्पो) चालवायला मिळतो आहे. एजंट म्हणतो टीआर (लायसन्सवरची ट्रान्सपोर्ट वाहनाची नोंद) आणि बॅज दोन्ही काढून घे, नऊ हजारांत करून देतो. मित्र म्हणतो सुप्रीम कोर्टाने ते सगळे कधीच बंद केले. वर्षभराने मोठ्या ट्रकवर जायचे आहे, जमले तर पुढे एसटीत. मग आता करायचे काय?

आजच्या कामापुरते मित्राचे बरोबर आहे. उद्याच्या ट्रकसाठी एजंटचे अर्धे बरोबर आहे. बॅज तर मालवाहू गाडीला लागतच नाही, तो बिलात कशासाठी धरला हे त्यालाच विचारा. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो आणि काही ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ड्रायव्हरांची कागदपत्रे सांभाळतो. हा घोळ रोज समोर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घोळाचे मूळ असे की लोक तीन कागद एकात मिसळतात. लायसन्स माणसाचे असते आणि तो कोणत्या वर्गाची गाडी चालवू शकतो ते सांगते. परमिट गाडीचे असते आणि ती गाडी भाड्याने कुठे, कशासाठी फिरू शकते ते सांगते. बॅज पुन्हा माणसाचाच, पण भाडे घेऊन प्रवासी वाहणाऱ्या गाडीपुरता. रस्त्यात साहेबाने ‘टीआर दाखव’ म्हटले की पोरे परमिट काढून देतात आणि ‘परमिट कुठाय’ म्हटले की लायसन्स पुढे करतात. निम्मे वाद तिथेच सुरू होतात.

आता मुख्य मुद्दा, वजन. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हलक्या मोटार वाहनाची व्याख्या आहे. तिच्यात फक्त घरची कार येते असा बहुतेकांचा समज आहे, पण तसे नाही. ज्या ट्रान्सपोर्ट वाहनाचे किंवा ओम्नीबसचे (ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त माणसांच्या गाडीचे) एकूण भारित वजन, म्हणजे मालासकट जास्तीत जास्त वजन, ७,५०० किलोपेक्षा जास्त नाही, तेही हलकेच वाहन. कार, ट्रॅक्टर आणि रोड रोलर यांच्या बाबतीत मात्र रिकाम्या गाडीचे वजन धरतात, मर्यादा तीच. म्हणजे पिवळ्या पाटीचा छोटा हत्ती कायद्याच्या नजरेत एकाच वेळी ट्रान्सपोर्ट वाहनही आहे आणि हलके वाहनही.

याच दुहेरीपणावरून वर्षानुवर्षे भांडणे झाली. पूर्वी मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, जड मालवाहू, जड प्रवासी असे चार वेगळे वर्ग लायसन्सवर असायचे. १४ नोव्हेंबर १९९४ पासून ते चारही काढून ‘ट्रान्सपोर्ट वाहन’ असा एकच वर्ग केला. तेव्हापासून विमा कंपन्या म्हणू लागल्या की टेम्पो हे ट्रान्सपोर्ट वाहन, ड्रायव्हरकडे नुसते एलएमव्ही, म्हणून दावा नामंजूर. सर्वोच्च न्यायालयाने ३ जुलै २०१७ ला मुकुंद देवांगन प्रकरणात सांगितले की एलएमव्हीचे लायसन्स असलेला माणूस त्या वजनाच्या आतले ट्रान्सपोर्ट वाहन चालवू शकतो, त्याला वेगळी नोंद लागत नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने १६ एप्रिल २०१८ ला राज्यांना तसे कळवले. तरी विमा कंपन्यांनी विषय सोडला नाही आणि तो पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेला. ६ नोव्हेंबर २०२४ ला बजाज अलियान्झ विरुद्ध रंभादेवी या प्रकरणात घटनापीठाने २०१७ चा निकाल कायम ठेवला. ट्रान्सपोर्ट वाहनांसाठीच्या जादा अटी साधारणपणे ७,५०० किलोच्या वरच्या मध्यम आणि जड वाहनांनाच लागू होतील, असेही स्पष्ट केले. तुमचा मित्र बोलतो आहे तो हा निकाल.

तेव्हा गाडी हातात घेण्याआधी मालकाकडून आरसी (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र) मागा आणि त्यावरचे भारित वजन वाचा. गाडीचे वजन म्हणून तिथे दोन आकडे असतात, एक रिकाम्या गाडीचा आणि एक मालासकट जास्तीत जास्त किती त्याचा. आपल्याला दुसरा हवा. छोट्या हत्तीचा तो आकडा मर्यादेच्या इतका खाली असतो की प्रश्नच येत नाही. टाटाची चारशेसात आणि बोलेरो पिकअपही आतच बसतात. खरी फसगत होते ती आयशरसारख्या गाड्यांत. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या, सारख्याच लांबीच्या हौद्याच्या दोन गाड्या. एक साडेसात टनांच्या आत, दुसरी दहा टनांच्या वर. मालक म्हणतो ‘अरे, तीच गाडी आहे’. ती तीच नसते. ७,५०० च्या वर गेली की मध्यम, १२,००० च्या वर गेली की जड. आणि आज गाडीत माल किती आहे याला काही अर्थ नाही. सोळा टनी ट्रक रिकामा आणला तरी तो जडच राहतो; ‘साहेब, गाडी खाली आहे’ हे उत्तर चालत नाही.

परमिटचेही इथेच उरकतो. ज्या मालवाहू गाडीचे भारित वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नाही तिला कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही. म्हणजे छोट्या हत्तीला परमिटही नको. फिटनेस, व्यावसायिक वापराचा विमा, पीयूसी आणि पिवळी पाटी मात्र हवी. ती जबाबदारी मालकाची असली तरी रस्त्यात अडकून बसता तुम्ही, म्हणून विम्याची आणि फिटनेसची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. पहिली आठ वर्षे फिटनेस दोन वर्षांचा असतो, नंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. जुन्या गाडीचे मालक हे सोयीने विसरतात.

आता निकालाच्या बाहेर काय राहिले ते सांगतो, कारण मित्रमंडळी हा भाग कधीच सांगत नाहीत. धोकादायक मालाचे नियम जसेच्या तसे आहेत. गॅस एजन्सीचा सिलिंडर वाटणारा टेम्पो आकाराने तुमच्या छोट्या हत्तीएवढाच असतो, पण त्यात जाणारा माल धोकादायक गटात मोडतो. असा माल नेणाऱ्या ड्रायव्हरला केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ९ प्रमाणे ट्रान्सपोर्टचे लायसन्स तर लागतेच, शिवाय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यायला हवी, आणि तीन दिवसांचे प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र हवे. त्याची नोंद लायसन्सवर होते, ती तीन वर्षांची असते आणि नूतनीकरणाआधी पुन्हा एक दिवसाचे उजळणी प्रशिक्षण करावे लागते. ॲसिड, डिझेल, स्पिरिट, सगळ्याला हेच. मालाची माहिती आणि गळती झाली तर काय करायचे ते लिहिलेले ट्रेम कार्ड केबिनमध्ये लागते, आणि ते ड्रायव्हरने नुसते बाळगायचे नाही तर वाचलेले असायला हवे. तुमचा मालक किराणा आणि फर्निचर वाहत असेल तर हे सगळे विसरा. पण एखाद्या दिवशी ‘आज जरा एजन्सीची एक ट्रिप मार’ म्हणाला, तर सरळ नाही म्हणा.

ई-रिक्षाचेही वेगळे आहे, तिथे किमान दहा दिवसांचे प्रशिक्षण लागते. तुमचा तो विषय नाही.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट. कायद्याने टीआर नको असला तरी एखादी कंपनी स्वतःच्या गेटवर किंवा कंत्राटात ट्रान्सपोर्ट नोंद असलेलाच ड्रायव्हर मागू शकते. एमआयडीसीत काही ठिकाणी गेटवरचा माणूस यादी घेऊन बसलेला असतो आणि त्याच्याशी घटनापीठावर चर्चा करून उपयोग नसतो. ती त्यांची अट असते, सरकारची नाही. अशा कामावर जायचे असेल तर मालकाने आधीच विचारून घ्यावे.

बॅजकडे येतो. भाडे घेऊन प्रवासी वाहणाऱ्या गाडीला कायदा सार्वजनिक सेवा वाहन म्हणतो: रिक्षा, टॅक्सी, बस. अशा गाडीच्या ड्रायव्हरवर नियम घालण्याचा अधिकार कायद्याने राज्याला दिला आहे आणि महाराष्ट्राने १९८९ च्या आपल्या नियमांत बॅजची पद्धत ठेवली आहे. त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. ती ठेवण्यामागे कारण आहे, रात्री अकरा वाजता एकटी बाई ज्याच्या रिक्षात बसते तो कोण आहे याची कुठेतरी नोंद हवी. तुमच्या हौद्यात सिमेंटच्या गोण्या बसणार आहेत, त्यांना चारित्र्य पडताळणी नको. वजनाच्या निकालाने टॅक्सीचालकाची टीआरची कटकट मिटली, पण बॅज आपोआप गेला असे समजून कोणी महाराष्ट्रात रिक्षा-टॅक्सी काढू नये. तुम्हाला बॅज लागेल तो एसटीच्या वेळी, त्याबद्दल शेवटी लिहितो.

आता ट्रक. इथे टीआर हवाच, आणि इथे एजंटपेक्षा कॅलेंडर जास्त महत्त्वाचे आहे. वय २० पूर्ण हवे, तुमचे आहे. एलएमव्हीचे लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झालेले हवे, तेही झाले आहे. शिक्षणाबद्दल अजून बरेच जण आठवी पासचा दाखला मागतात. ती अट केंद्राने २०१९ मध्येच काढून टाकली. आठवी न झालेल्या किती चांगल्या ड्रायव्हरांनी त्या अटीपायी खोटे दाखले विकत घेतले होते ते मी पाहिले आहे, त्यामुळे ती गेली याचा मला आनंदच आहे. म्हणजे तुमची पात्रता आजच पूर्ण आहे. वर्षभर थांबून मग सुरू करण्यात काही अर्थ नाही. छोटा हत्ती चालवता चालवताच शिकाऊ लायसन्स काढून ठेवा.

सरकारच्या सारथी या लायसन्सच्या पोर्टलवर जाऊन लायसन्समध्ये नवा वर्ग वाढवण्याचा अर्ज करायचा. सोबत फॉर्म १-ए, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरचे वैद्यकीय प्रमाणपत्र. खासगी गाडीवाल्याला चाळिशीपर्यंत स्वतःचे घोषणापत्र पुरते, ट्रान्सपोर्टवाल्याला कोणत्याही वयात डॉक्टर लागतो. दिवसाउजेडी २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, लाल आणि हिरवा रंग वेगळा कळतो का, कान कसे आहेत, हे त्यात तपासायचे असते. तपासायचे असते असे म्हणतो, कारण आरटीओच्या बाहेर न बघताच शिक्का मारणारे बसलेले असतात. निदान तुम्ही तरी डोळे खरोखर तपासून घ्या. रात्रीच्या हायवेवर समोरून येणाऱ्या अप्पर लाइटमध्ये डोळे दिपतात ते चष्म्याचा नंबर लागला म्हणून, हे कित्येकांना वयाच्या चाळिशीत कळते.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते आणि मिळाल्यापासून ३० दिवस झाल्यावर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. ट्रान्सपोर्ट वर्गासाठी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे फॉर्म ५ प्रमाणपत्र बंधनकारक आहे, खासगी कारसारखे घरच्या घरी शिकून थेट चाचणीला उभे राहता येत नाही. नियमाप्रमाणे हे प्रशिक्षण किमान ३० दिवसांचे आणि प्रत्यक्ष चालवण्याचे १५ तासांचे. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, नुसता कागद विकणारी स्कूल्स आहेत आणि ती स्वस्त पडतात. तुम्ही छोट्या हत्तीवरून सहाचाकीवर जाणार आहात. गाडी लांब झाली की वळणावर मागची चाके आतून कापतात, एअर ब्रेकचा प्रेशर उतरला की काय होते, घाटात उतरताना कोणता गिअर, या गोष्टी छोट्या गाडीने कधी शिकवलेल्याच नसतात. पंधरा तास खरोखर सीटवर बसून भरून घ्या. दुसरा मार्ग म्हणजे मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र. त्याचे नियम १ जुलै २०२१ पासून लागू आहेत. मध्यम आणि जड वाहनाचा तिथला अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो, १६ तास वर्गात आणि २२ तास गाडीवर. तिथून उत्तीर्ण झालात तर आरटीओची चालवण्याची चाचणी द्यावी लागत नाही.

चाचणी ज्या वर्गाची, त्याच वर्गाची गाडी न्यावी लागते. ट्रॅकवर पोरे वेगाने फेरी मारून दाखवतात आणि नापास होतात. इन्स्पेक्टर बघतो ते वेगळेच. बसल्यावर आधी सीट आणि आरसे लावले का. न्यूट्रल बघून स्टार्टर मारला का. निघताना इंडिकेटर आणि उजवा आरसा. चढावर थांबवून पुन्हा उचलायला सांगतात, तेव्हा गाडी मागे सरकली की संपले. हँडब्रेक धरून, क्लच जिथे पकडतो तिथे आणून मग ब्रेक सोडायचा. रिव्हर्स घेताना डोके खिडकीबाहेर काढून मागच्या टायरकडेच बघत बसणारा हमखास दुसऱ्या बाजूचा खांब पाडतो. दोन्ही आरशांत आलटून पालटून बघा आणि शंका आली की थांबा. थांबल्याबद्दल गुण जात नाहीत, खांब पाडल्याबद्दल जातात.

पैशांचे बोलू. केंद्राने डिसेंबर २०१६ मध्ये ठरवलेल्या दरांप्रमाणे शिकाऊ लायसन्सचे १५० रुपये, वर्ग वाढवण्याचे ५००, चालवण्याच्या चाचणीचे ३००, स्मार्ट कार्डाचे २००. किरकोळ धरून सरकारजमा रक्कम बाराशेच्या आसपास होते. नऊ हजारांतले उरलेले पैसे स्कूलची खरी फी असेल तर तक्रार नाही, जड गाडीला डिझेल लागते आणि शिकवणाऱ्याला पगार. पण ‘गाडीला हातही लावायची गरज नाही’ असे एजंट म्हणत असेल तर तो तुम्हाला तुमचाच अपघात हप्त्याने विकतो आहे. कोणी दुसऱ्या राज्यातून आठ दिवसांत ‘तयार’ लायसन्स आणून देतो म्हणाला तर पळा. एका माणसाला दोन लायसन्स ठेवता येत नाहीत, आणि सारथीवर नंबर टाकला की खरे-खोटे मिनिटात कळते.

काही जण टीआर काढायलाच घाबरतात, कारण ‘मग लायसन्स पाचच वर्षांचे होते’. तसे होत नाही. कार्डावर दोन तारखा येतात, एक खासगी वाहनांसाठी आणि एक ट्रान्सपोर्टसाठी. खासगीची तुमच्या वयाच्या हिशेबाने चाळिशीपर्यंत जाते. ट्रान्सपोर्टची पाच वर्षे. २०१९ च्या दुरुस्तीआधी ती तीनच होती.

या दुसऱ्या तारखेवरच सगळ्यात जास्त ड्रायव्हर मार खातात, म्हणून इथे थोडा थांबतो. पूर्वी मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन्स चालू मानले जायचे. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत काढून टाकली. जुने ड्रायव्हर अजून ‘महिनाभर चालतं रे’ म्हणतात, त्यांचे ऐकू नका. मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही जड गाडीपुरते बिनलायसन्सचे. अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतो, तेव्हा शेवटच्या आठवड्याची वाट बघण्यात शहाणपणा नाही. मुदतीनंतर वर्षभराच्या आत अर्ज केला तर चाचणी नाही, पण नूतनीकरण ज्या दिवशी होते त्या दिवसापासूनच धरतात. मधला काळ भरून निघत नाही. वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी, आणि उशिराचे दर वर्षाला हजार रुपये वेगळे.

मधला काळ भरून निघत नाही याचा अर्थ काय ते एका उदाहरणाने बघा. समजा ट्रान्सपोर्टची मुदत ३ तारखेला संपली, १२ तारखेला अपघात झाला आणि २० तारखेला नूतनीकरण झाले. कार्ड हातात आहे, नवे कोरे आहे, पुढची पाच वर्षे त्यावर छापली आहेत. विमा कंपनीचा तपासनीस कार्ड बघतच नाही. तो आरटीओतून लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट काढतो, त्यात कोणती नोंद कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हे ओळीने असते. ४ ते १९ या तारखा त्यात नाहीत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कंपनी तेवढाच कागद ठेवते. जखमीला भरपाई मिळावी म्हणून न्यायालये बऱ्याचदा कंपनीला आधी पैसे भरायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. २००४ च्या स्वरणसिंग निकालापासून ही वाट रुळली आहे. म्हणजे मालकाच्या घरावर नोटीस जाते आणि मालक तुमच्याकडे बघतो. गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारते ते वेगळेच. शिवाय बिनलायसन्स चालवण्याला कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड, आणि तसे चालवू देणाऱ्या मालकाला कलम १८० खाली तेवढाच.

छोट्या हत्तीच्या बाबतीत, ट्रान्सपोर्टची तारीख गेली पण खासगीची चालू असेल तर वरच्या निकालामुळे तुम्ही तरून जाता. ट्रकवर तशी सोय नाही.

लायसन्स काढले म्हणजे ते टिकवावेही लागते. ओव्हरलोड, मालगाडीत माणसे बसवणे, चालवताना मोबाइल, सिग्नल तोडणे, दारू, या गोष्टींवर दंडाबरोबर लायसन्स निलंबित होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना किमान तीन महिन्यांचे निलंबन करायला सांगितले आहे. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. आपल्याकडे सगळ्यात सहज होणारी चूक म्हणजे हौद्यात माणसे. लग्नाचे वऱ्हाड, जत्रा, ऊसतोडीची टोळी, ‘एवढं नाक्यापर्यंत सोड’. मालवाहू गाडीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी धरलेला असतो, फुकट बसवलेला प्रवासी नाही, आणि २००३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे तसे स्पष्ट म्हणणे आहे. गाडी उलटली तर त्या माणसांची भरपाई मालकाच्या आणि तुमच्या डोक्यावर. वऱ्हाड पाहुण्याचे असले तरी.

कागद खिशात बाळगायचे नसतील तर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधले लायसन्स आणि आरसी कायद्याने मूळ प्रतीइतकेच चालतात. व्हॉट्सॲपवरचा फोटो चालत नाही.

राहिली एसटी. तिथल्या भरतीत साधारणपणे दहावी, जड वाहनाचे लायसन्स, ते चालवल्याचा अनुभव आणि बॅज मागतात. वर्षे, उंची आणि वय दर जाहिरातीत वाचून घ्या. म्हणून म्हटले की टीआर आजच काढायला घ्या, कारण अनुभवाची वर्षे मोजायला लायसन्सवरची तारीखच बघितली जाते. आणि मुदतीत खंड पडू देऊ नका. तेलंगणात पोलीस खात्याच्या चालक भरतीत सलग दोन वर्षे लायसन्स असण्याची अट होती. काही उमेदवारांची मुदत मधे संपली होती आणि त्यांनी नंतर नूतनीकरण केले होते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नूतनीकरण मागच्या तारखेपासून होत नाही, मधे खंड पडला म्हणजे सलगपणा गेला. गाडी उत्तम चालवणारी पोरे एका तारखेपायी बाहेर गेली.

एसटीत ‘चालक तथा वाहक’ असे पद निघाले तर वाहकाचे लायसन्स आणि त्याचा बॅजही लागतो. त्याला वय १८ पुरते, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र जोडावे लागते, फी ड्रायव्हिंग लायसन्सच्या निम्मी. ड्रायव्हिंग लायसन्स देशभर चालते, वाहकाचे फक्त ज्या राज्यात काढले तिथेच. प्रथमोपचाराचा वर्ग मात्र एसटीची जाहिरात निघाल्यावर शोधू नका, तेव्हा सगळेच शोधत असतात आणि जागा मिळत नाही.